रुमालाखाली

वडगावच्या बाजारात, चिंचेच्या बुडाला
संपत हेडी माझी बोटं धरतो
आणि वरून टॉवेल टाकतो.
आधी चार. मग दोन.
म्हणजे बेचाळीस.
मी त्याचं एक बोट दाबून धरतो : अजून एक चढव.
तोंडानं आम्ही ऊसतोडीचं बोलतो,
त्याच्या मेहुण्याच्या लग्नाचं.
भोवती पंधरा माणसं उभी, एकालाही भाव कळत नाही.
बैलाला तर नाहीच.

सकाळी चहाच्या गाड्यावर पेपर होता.
फोटोत दोन देशांचे दोन जनरल,
हातात हात, बत्तीस दात.
खाली छापलेलं : सीमेपलीकडच्या बंडखोरांविरुद्ध
संयुक्त मोहीम, परस्पर सहकार्य.
गाडेवाला म्हणाला, "सुभेदार, तुम्ही हुता न्हवं तिकडं?"
होतो.
म्हणालो, साखर कमी घाल.

बावीस वर्षं झाली.
आमची पलटण पार पूर्वेला होती,
जिथं पन्हाळ्याच्या तासभर आधी उजाडतं
आणि चार वाजता दिवस गुंडाळतात.
दुभाषा तापानं फणफणलेला.
पलीकडच्या फौजेचा सार्जंट, सुपारीनं तोंड लाल,
त्याला मगदूम म्हणता येईना, मा-दू म्हणायचा.
त्याचं नाव मला अजून येत नाही.
भोवती हमाल, वाटाडे,
कुणाचा कान कुणाकडं विकलेला, काय सांगावं?
मी नकाशाची घडी आमच्या हातांवर ओढली
आणि त्याची तीन बोटं धरली : तीन रात्री.
तो थबकला. मग हसला.
त्याच्याकडंही जनावरांचा बाजार भरत असणार.
दोन बोटं : दोन ओढे तो अडवणार.
मूठ : आम्ही इकडून रान उठवणार.
एवढंच.
एवढ्यावर दोन देशांचं जमलं.

मोहीम फत्ते झाली. अहवालात तसंच आहे.
जळालेला तळ, अकरा बंदुका, तांदळाची पोती,
आणि एक वही, आत पाढ्यांसारखं काहीतरी.
माणसं किती
ते मी बाजारात मोजत नाही.

चौथ्या दिवशी एक म्हातारी आली.
हद्दीच्या खांबापाशी तिचा मिथुन पडला होता,
आपल्या दाजीपूरच्या गव्याचा चुलतभाऊ शोभावा असा,
पुढचे पाय त्यांच्यात, मागचे आमच्यात.
गोळी कुणाची ते पोट बघून कळत नव्हतं.
आमचे साहेब म्हणाले, डोकं तिकडं आहे, भरपाई त्यांची.
त्यांचे साहेब शेपटाकडं बोट करून काहीतरी म्हणाले.
या बाबतीत सहकार्य झालं नाही.

म्हातारीनं साहेब पाहिला नाही, खांब पाहिला नाही.
सरळ माझा हात धरला.
उघड्यावर, वर काही न टाकता.
एक बोट. मग दुसरं. करत करत पाचही.
मला वाटलं, भाव सांगतेय.
खिशात होत्या तेवढ्या नोटा काढल्या,
तिनं बघितल्यासुद्धा नाहीत.
परत अंगठ्यापासून सुरू.
प्रत्येक बोटाला ती काहीतरी म्हणत होती,
आणि दर बोटाला वेगळं.

सार्जंट लांबून बघत होता.
त्याला तिची भाषा येत असावी.
सुपारी थुंकला आणि पाठ फिरवून
उगाच बुटाची नाडी बांधायला बसला.

"तात्या, बोला की," संपत म्हणतो,
"त्रेचाळीस झालं. गिऱ्हाईक निपाणीचं हाय,
दूधगंगेचा पूल वलांडला की पोचलाच बैल.
तिथं कोण इचारतंय?"

टॉवेलाखाली घाम आलाय.
बैल शेजारच्याच्या गाडीतला कडबा ओढतोय.
भाव माझ्या मनासारखा आहे, हो म्हणायचं फक्त.
पण त्याची पाचही बोटं
माझ्या मुठीत आहेत, आणि मी
अंगठ्यापासून परत सुरू केलंय.

"केरबातात्या,
सोडा की वो. दुखतंय."